नैरोबीच्या किबांड्यात जेवताना: जोडी, वजन, वाढप आणि शाकाहाऱ्यांची सोय

तव्यावरचा
सफारीच्या धाग्यावर जेवणाचं अवांतर फार वाढलं, म्हणून हा वेगळा धागा. पर्यटकांसाठीची महागडी 'आफ्रिकन बुफे' हॉटेलं इथे नकोत. कामावरची माणसं रोज दुपारी जिथे जेवतात, त्या साध्या जागांपुरतंच बोलू.

किबांडा म्हणजे वर पत्रा नाहीतर ताडपत्री, तीन-चार बाकं, कोळशाच्या शेगड्या (जिको) आणि त्यांवर ॲल्युमिनियमची बिनदांड्याची पातेली (सुफुरिया). भिंती पक्क्या असल्या की त्याला होटेली म्हणतात. होटेली म्हणजे खायची जागा, राहायची नव्हे. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

फळ्यावर रंगवलेलं सगळं त्या दिवशी असेलच असं नाही. त्यामुळे बसल्या बसल्या स्वाहिलीत "कुना निनी लेओ?" (आज काय आहे?) हे विचारायचं. 'इमेइशा' ऐकू आलं की तो पदार्थ संपला. सव्वाबारा ते पाऊण ही सगळ्यात चांगली वेळ. पातेली नुकती उतरलेली असतात. एक ते दोन बाकावर जागा मिळत नाही. अडीचनंतर सुकुमा (तिथली रोजची पालेभाजी) काळपट पडते आणि मटणाच्या पातेल्यात नुसता रस्सा उरतो.

जेवण जोडीनं मागायचं: एक पोटभरीचं आणि एक कालवण. पोटभरीचं म्हणजे उगाली (मक्याच्या पिठाची उकड), भात, चपाती नाहीतर गिथेरी (मका आणि राजमा एकत्र शिजवलेले). कालवणात सुकुमा विकी, माहाराग्वे (राजम्यासारख्या घेवड्याचे दाणे), न्देंगू (मूग), बीफचा रस्सा, मातुंबो (वजडी), ओमेना (छोटे सुके मासे) किंवा तळलेला सामाकी. "उगाली ना सुकुमा", "चपाती म्बिली ना न्देंगू" (दोन चपात्या आणि मूग) एवढं म्हटलं की ऑर्डर झाली. चपाती आणि घेवडा या जोडीला नैरोबीच्या बोलीत 'चापो मादोंदो' असं लाडकं नाव आहे.

वाढप भरपूर असतं. उगालीचा अख्खा ढीग खूप वाटला तर 'उगाली सोसा' मागा, म्हणजे बशीएवढी येते. रस्सा कमी पडला तर "निओंगेझे सुपू". रस्सा बहुधा फुकटात वाढवतात, फोडी नाही.

---

माठाची भाजी
चांगला धागा. उगालीबद्दल थोडं, कारण नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच अडतो.

उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मोदकाची उकड काढणाऱ्याला कृती अर्धी माहीतच असते. पाणी खळखळ उकळायचं, मीठ घालायचं नाही. मूठभर पीठ भुरभुरून पातळ पेज करायची आणि ती उकळू द्यायची. मग बाकीचं पीठ दोन-तीन हप्त्यांत. वाटीच्या मापानं दोन वाट्या पाण्याला साधारण सव्वा वाटी पीठ लागतं, पीठ जाडंभरडं असेल तर थोडं कमी. म्विको नावाच्या चपट्या लाकडी उलथन्यानं ते पातेल्याच्या कडेला दाबत, उलटत घोटायचं. शेवटी मंद आचेवर झाकून चार-पाच मिनिटं वाफ, आणि ताटात उपडी.

बिघडते ती तीन कारणांनी. पाणी नीट उकळायच्या आत पीठ पडलं की कच्चट वास राहतो. सगळं पीठ एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात कोरडं पीठ सापडतं. वाफ दिली नाही तर बोटांना चिकटते. नीट झालेली उगाली पातेल्याची कड सोडते, तळाशी पापुद्रा धरते आणि सुरीनं वडीसारखी कापता येते.

खायची उजव्या हातानं. लिंबाएवढा गोळा तोडायचा, मुठीत दोन-तीनदा फिरवायचा, अंगठ्यानं मधे खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात सुकुमा उचलायची. नुसती खाऊन "याला चवच नाही" म्हणणाऱ्यांनी कोरडा भात खाऊन तेच म्हणून बघावं.

ज्यांना मका जड जातो त्यांनी 'उगाली या विंबी' विचारावी. विंबी म्हणजे आपली नाचणी. रंग तांबूस-काळा, चव ओळखीची. त्याच पिठाची आंबवलेली उजी सकाळी मिळते, म्हणजे चक्क आंबील.

---

कोळसा आणि मीठ
न्यामा चोमा (निखाऱ्यावर भाजलेलं मांस) राहिलं. त्याची रीत दुपारच्या ताटाहून पूर्ण वेगळी.

चोमाच्या जागी दर्शनी भागात खाटकाचं दुकान असतं, मागे निखारे. बकरा (म्बुझी) किंवा गाय-बैल (न्गोम्बे) टांगलेला असतो. भाव कच्च्या मांसाच्या वजनावर, हाडासकट: रोबो म्हणजे पाव, नुसु म्हणजे अर्धा, किलो मोजा म्हणजे एक किलो. भाजून किलोचं साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम उरतं आणि त्यात हाडंही आली. दोघं खाणारे आणि सोबत उगाली असेल तर एक किलो पुरतं. चौघांना दीड ते दोन.

तुकडा स्वतः दाखवून घ्यायचा. म्बावू म्हणजे बरगडी: चरबी जास्त, त्यामुळे निखाऱ्यावर कोरडी पडत नाही. मागची तंगडी जास्त मांसाची, पण चिवट. पहिल्यांदा खाणाऱ्यानं बरगडीच घ्यावी. वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि भाव तिथेच पक्का करा.

मग थांबायचं. बकऱ्याच्या किलोला पाऊण तास तरी धरा, तंगडीला तासाच्या वर. मीठ सोडून दुसरं काही लावत नाहीत. घाई केली की भाजणारा मांस पेटत्या आगीजवळ सरकवतो, चरबी ठिबकून भडका उडतो आणि बाहेरून काळं, आतून चामडं असा माल येतो. राख चढलेले निखारे आणि वर उंच जाळी, असं दिसलं की निवांत बसा.

शिजलं की लाकडी पाटावर तुमच्यासमोर तोडून घ्या. पाटाच्या कोपऱ्यात मिठाची छोटी रास असते, तुकडा तिच्यात टेकवून खायचा. सोबत कचुंबारी. आत तोडून ताटलीत आणून दिलं तर आपल्या तुकड्यातलं किती आलं हे कळायला मार्ग नसतो.

दात कमजोर असतील तर अर्धं चोमा, अर्धं 'वेट फ्राय' सांगा. ते कांदा-टोमॅटोत परतून रस्सेदार करतात. 'बोइलो' म्हणजे बटाटा, भाज्या घालून उकडलेलं. नैरोबीत केन्याटा मार्केट चोमासाठी जुनं प्रसिद्ध. तिथेच ओळीनं केसांच्या वेण्या घालणाऱ्या बायकांची दुकानं आहेत, त्यामुळे पत्ता चुकला असं समजून परत फिरू नका.

---

चिंचगूळ
हे सगळं ठीक, पण शाकाहारी माणसानं काय करायचं? "सिली न्यामा" म्हटलं की झालं?

---

माठाची भाजी
@चिंचगूळ, नाही झालं. "सिली न्यामा" म्हणजे मी मांस खात नाही, वाक्य बरोबर आहे. पण किबांड्यात न्यामा म्हणजे बीफ किंवा बकरा. कोंबडी म्हणजे कुकू, मासा म्हणजे सामाकी, ते वेगळे मोजतात. त्यामुळे पुढचा प्रश्न हमखास "मग कुकू देऊ?" हाच येतो. तिन्ही नावं घेऊन सांगा: "सिली न्यामा, कुकू, सामाकी." अंडं खात नसाल तर मायाई हेही जोडा.

दुसरी गोम रश्श्यात. न्देंगू किंवा घेवडा मुळात कांदा-टोमॅटोत शिजवलेला असतो, पण पातळ झाला की शेजारच्या बीफच्या पातेल्यातला एक डाव त्यात जाऊ शकतो. चवीसाठी तयार रस्सा-मसाला घालतात, तोही बरेचदा बीफच्या चवीचा. म्हणून मागतानाच "बिला सुपू या न्यामा" (मांसाचा रस्सा नको) म्हणा. डाव एकच असतो, तोही बघून घ्या. कडक पाळणाऱ्यांना किबांडा जमणार नाही, हे मोकळेपणानं सांगते.

त्यातल्या त्यात बिनधोक जोड्या: उगाली आणि सुकुमा, चपाती आणि न्देंगू, गिथेरी आणि अर्धं ॲव्होकॅडो. गिथेरी कोरडी असते, ॲव्होकॅडो कुस्करून घातला की बरोबर मिळून येते. आपण खिचडीवर तूप घेतो तसं समजा. न्देंगू म्हणजे अख्ख्या मुगाची उसळ, फक्त मोड न आणलेल्या मुगाची.

पालेभाज्यांत सुकुमापलीकडेही बघा. टेरेरे म्हणजे आपला माठ किंवा राजगिरा, कुंडे म्हणजे चवळीचा पाला, मनागू किंचित कडू असते आणि काही ठिकाणी दूध घालून शिजवतात. म्रेंडा बुळबुळीत असते. भेंडी चालत असेल तर चालेल.

---

तव्यावरचा
+१. सुकुमाबद्दल एक पुरवणी: 'सुकुमा विकी' या नावाचा अर्थच 'आठवडा ढकल' असा. पगार होईपर्यंत भागवणारी स्वस्त भाजी. पानांची गुंडाळी करून केसासारखी बारीक चिरतात आणि कांदा-टोमॅटोवर पाच-सात मिनिटं परततात. हिरवीगार असेल तरच घ्या.

---

घडीची पोळी
तिथली चपाती म्हणजे आपली पोळी नव्हे, हे कुणीतरी लिहायला हवं. ती मैद्याची, जाडसर, पदर सुटणारी, जवळपास लच्छा पराठाच. कणीक कोमट पाण्यात सैल मळतात, तेल घालून दहा मिनिटं मळणं, अर्धा तास मुरवणं. मग लाटून तेल लावायचं, गुंडाळून दोरी करायची, तिची चकली वळायची, पुन्हा थोडा वेळ ठेवून लाटायची आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजायची. दुसऱ्यांदा मुरवलं नाही की लाटताना मागे सरकते आणि खाताना रबर होते. तेलात कंजुषी केली तर पदर सुटत नाहीत.

ही चपाती तिथे पोचली ती भारतीयांबरोबरच. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा रेल्वेमार्ग बांधायला तीस हजारांवर मजूर भारतातून नेले होते, आणि मागोमाग दुकानदार गेले. आज तिथल्या घरात चपाती हा सणासुदीचाही पदार्थ आहे. पाहुणा म्हणून एखाद्या घरी चपाती वाढली तर ती रोजची पोळी नाही, खास तुमच्यासाठी केलेली आहे.

---

रानवाट
भाषेतली एक गंमत, पण उपयोगाची. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई! किबांडा चालवणारी बाई असेल तर तिला आदरानं 'मामा' म्हणायचं. वाढणाऱ्या मुलीला 'दादा' चालतं. मराठी सवयीनं पोऱ्याला "ए दादा" अशी हाक मारलीत तर अख्खं बाक हसेल.

उलट बाजूनं बरेच शब्द आयते मिळतात: दुका, पेसा, गारी, बीमा, रांगी, आचारी (लोणचं, स्वयंपाकी नव्हे), दानिया (कोथिंबीर), कचुंबारी.

वेळ मात्र जपून. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा सिता' म्हणजे शब्दशः सहा वाजता, पण घड्याळात बारा. "जेवण सा साबाला तयार" म्हणजे दुपारी एक. सात समजून संध्याकाळी गेलात तर पातेली धुऊन पालथी घातलेली असतात.

---

चिंचगूळ
कचुंबारी खावी की नाही? पोटाचं काय?

---

कोळसा आणि मीठ
तिच्यात कांदा बारीक चिरून, मीठ चोळून, पाण्यातून काढून पिळतात, म्हणजे उग्रपणा जातो. मग टोमॅटो, दानिया, मिरची, लिंबू. धोका त्या धुण्याच्या पाण्यात आणि सकाळी करून ठेवलेल्या टोपात. समोर चिरून देत असतील तर घ्या. झाकण नसलेल्या टोपात पाणी सुटलेली दिसली तर सोडा. टेबलावरच्या जगमधलं पाणीही नको, सीलबंद बाटली मागा. चहा उकळलेला असतो, तो निर्धास्त प्या.

हात धुण्याची सोय बाहेर असते: तोटी लावलेला पिंप, खाली बादली, दोरीला किंवा बशीत साबण. चोमाच्या जागी कोमट पाण्याचा जग आणि परातीसारखं पसरट भांडं घेऊन माणूस टेबलापाशी येतो. तो पाणी ओततो, आपण भांड्यावर हात धरून धुवायचे. जेवण झाल्यावर तो परत येतो, कारण बकऱ्याची चरबी गार पाण्यानं निघत नाही.

---

घडीची पोळी
चहाचं: 'चाय या माझिवा' म्हणजे दूध-पाणी एकत्र उकळलेला, आपल्यासारखाच. 'चाय या रांगी' म्हणजे कोरा, त्याला स्ट्रुंगीही म्हणतात. तांगाविझी म्हटलं की आलं घातलेला. सोबत मांडाझी, म्हणजे गोडसर तळलेली फुगीर पुरीवजा पाव. सकाळी आठच्या आत गरम, नंतर तीच मांडाझी दिवसभर काचेच्या पेटीत.

अवांतर: तिथेही 'चाय' मागणारा नेहमी चहाच मागत असतो असं नाही. चहापाणी हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना जास्त सांगत नाही.

---

रानवाट
पैसे: रोख चालते, पण हजाराची नोट पुढे केली की सुटे नाहीत हे ठरलेलं. पन्नास, शंभर, दोनशेच्या नोटा ठेवा. बोलीत वीस शिलिंग म्हणजे म्बाओ, शंभर म्हणजे सो, हजार म्हणजे थाओ.

बहुतेक लोक एम-पेसानंच देतात (मोबाइलवरून पैसे देण्याची ही सेवा २००७ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी). पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं की वापरता येते. भिंतीवर रंगवलेला टिल नंबर (दुकानाचा पैसे घ्यायचा नंबर) बघा. मेन्यूत 'लिपा ना एम-पेसा', मग 'बाय गुड्स', टिल नंबर, रक्कम, पिन. पैसे जाण्याआधी समोर येणारं नाव गल्ल्यावरच्या माणसाला वाचून दाखवा. एक आकडा चुकला तर पैसे तिसऱ्याच दुकानात जातात आणि परत मिळवायला वेळ जातो. 'पोची ला बियाशारा' असं लिहिलेलं असेल तर मेन्यूतला पर्याय वेगळा असतो, टिलच्या जागी फोन नंबर टाकायचा.

---

शिळ्या भाकरीचा चिवडा
शाकाहाऱ्यांनी एवढा त्रास घेण्यापेक्षा नैरोबीतलं साधं इथिओपियन हॉटेल शोधावं, असं माझं मत. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी काही नाही. 'फास्टिंग फूड' किंवा 'बेयाय्नेतू' मागितलं की मोठ्या ताटभर इंजेरावर मसूर, चणाडाळ, कोबी-गाजर, बीट, पालेभाजी असे ढीग येतात. बऱ्याच हॉटेलांत हे इतर दिवशीही मिळतं.

इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं पीठ, एकाच बाजूनं भाजलेलं. आंबोळीला जाळी पडते तशीच जाळी, आंबटपणा मात्र जास्त. बाजूच्या सुरळीतून तुकडा तोडून त्यात कालवण धरायचं. खालचा इंजेरा शेवटी खायचा, तोवर त्यात सगळे रस मुरलेले असतात.

आणि शिरो! भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, लसूण, कांदा, तिखट बेरबेरे मसाला, मातीच्या भांड्यात रटरटत येतं. पिठलंच. सैल हवं तर नुसतं शिरो, घट्ट हवं तर 'तेगाबिनो'. पण 'बोझेना शिरो' मागवू नका, त्यात मांसाचे तुकडे असतात. नाव वाचून फसणारे पुष्कळ.

---

माठाची भाजी
इथिओपियन जेवण उत्तमच, पण किबांड्याला तो पर्याय कसा? त्याचा भाव वेगळा, वेळ वेगळा. दुपारी पंधरा मिनिटांत जेवून कामावर परतायचं असेल तर चापो-न्देंगूच.

---

शिळ्या भाकरीचा चिवडा
मान्य. रात्रीच्या जेवणाला माझं, दुपारी तुमचं.

---

तव्यावरचा
नैरोबीच्या ईस्टली भागातल्या सोमाली खाणावळींबद्दलही एक ओळ. भाताच्या ताटाबरोबर सालासकट अख्खं केळं येतं. ते जेवणानंतरचं फळ म्हणून बाजूला ठेवू नका, सोलून एक घास भात, एक चावा केळं असं खातात. शिकरण-पोळीवर वाढलेल्यांना ते अवघड जाऊ नये. बासबास नावाची हिरवी चटणी झणझणीत असते, आधी टोकानं चाखा. सगळं हलाल, आणि उंटाचं मांस हवं असेल तर 'न्गामिया' विचारा.

---

चिंचगूळ
'कुकू किएन्येजी' असं लिहिलेलं असतं ते काय?

---

कोळसा आणि मीठ
गावरान कोंबडी. किएन्येजी म्हणजे गावठी, आणि भावही आपल्याकडच्या गावरानसारखाच चढा. आधी उकडून मग परततात, तरी चावावी लागते. ऐन वेळी मागितली आणि दहा मिनिटांत आली तर ती किएन्येजी नाही, किंवा सकाळची उकडून ठेवलेली आहे.

---

रानवाट
बांधून न्यायचं असेल तर स्वतःचा डबा न्या. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि कागदात बांधलेली न्देंगू बसस्टॉपपर्यंतही टिकत नाही. दोन पुडांचा स्टीलचा डबा पुढे केला की मामा खालच्या पुडात कालवण आणि वरच्यात चपात्या बरोबर भरून देते. झाकण मात्र आपणच आवळायचं.